पॅच निळाच येतोय, पण ते निळं येतंय कुठून?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. .३०८ कॅलिबरची बोल्ट ॲक्शन रायफल, फॅक्टरी बॅरल म्हणजे नळी, पाच-सहाशे राउंड (गोळ्या) झाडून झालेत, आत्तापर्यंत नुसतं तेल आणि ब्रश एवढीच सफाई. आधी १०० मीटरवर इंचाच्या आसपास बसणारा ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा घोळका) आता दोन इंचांच्या पुढे गेलाय, मझलमधून, म्हणजे बॅरलच्या पुढच्या तोंडातून, बघितलं तर तांबूस पट्टे दिसतात, म्हणून अमोनियावालं कडक कॉपर सॉल्व्हंट, म्हणजे तांबं विरघळवणारं रसायन, आणलंत, दोन संध्याकाळ घासलंत, तरी पॅच (बॅरल पुसायची कापडी चिंधी) निळाच, म्हणजे तांबं अजून निघतंय असं दिसतं. आता विचारताय की सॉल्व्हंट रात्रभर आत ठेवू का, की मित्र म्हणतो तशी घासायची पेस्ट लावू.

सरळ उत्तर आधी देतो, रात्रभर ठेवू नका आणि पेस्टला अजून हात लावू नका. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की निम्मं निळं बॅरलमधून येतच नाहीये, ते तुमच्या हत्यारांतून येतंय. म्हणजे साप समजून भुई धोपटणं चाललंय, आणि त्यात झीज होते ती बॅरलची.

तुम्ही लिहिलंय की जॅग, म्हणजे रॉडच्या टोकाला पॅच चढवायचा तुकडा, पितळी आहे आणि ब्रश ब्राँझचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथिल, दोन्हीत मुख्य माल तांबंच. सॉल्व्हंटला काय कळणार की हे गोळीचं तांबं आणि हे जॅगचं? ते दोन्ही विरघळवतं आणि पॅच निळा करून दाखवतं. खात्री करायची असेल तर आज एवढंच करा, बॅरलला हातच लावू नका, जॅगवर कोरा पॅच चढवा, त्यावर सॉल्व्हंटचे चार-पाच थेंब टाका आणि टेबलावर तसाच दहा मिनिटं ठेवून द्या. उघडून बघा, जॅगची धार जिथे टेकली होती तिथे निळी-हिरवट कडी उमटलेली दिसेल. मग निकल मुलामा दिलेला, ॲल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा जॅग आणि नायलॉनचा ब्रश घ्या आणि तेव्हाच पॅचच्या रंगावर विश्वास ठेवायला लागा. रॉडच्या टोकाचा ॲडॉप्टरही पितळी असतो बऱ्याचदा, तोही बघा.

पॅचवरचा निळा वाचायचीही एक पद्धत आहे. बॅरलमधल्या तांब्याचा रंग पट्ट्यांत येतो, कारण तांबं लँड आणि ग्रूव्हच्या, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार उंचवट्यांच्या आणि खाचांच्या, कडेने चिकटलेलं असतं, त्यामुळे पॅच पसरून बघितला तर समांतर गडद-फिक्या रेघा दिसतात. जॅगचा रंग मात्र पॅचच्या आतल्या बाजूला, जिथे धातू टेकतो तिथे, ठिपक्यांसारखा किंवा गोल कडीसारखा असतो. थोडे पॅच बघितले की फरक लगेच कळायला लागतो.

आता मुळात हे साठतं का आणि सॉल्व्हंट काय करतं हे थोडं सांगतो, म्हणजे पुढचं का करायचं ते पटेल. गोळीचं जॅकेट (वरचं धातूचं कवच) म्हणजे गिल्डिंग मेटल, साधारण ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त. गोळी रायफलिंगमध्ये, म्हणजे त्या पिळदार खाचांत, दाबून घुसते, प्रचंड वेगाने पुढे जाते आणि बॅरलचा पृष्ठभाग जिथे खरबरीत असेल तिथे जॅकेटचा बारीक थर मागे राहतो. हाताने लॅप केलेल्या, म्हणजे घासून गुळगुळीत केलेल्या, कस्टम बॅरलमध्ये हे फार कमी होतं, फॅक्टरी बॅरलमध्ये रीमरच्या (भोक मापात कापणाऱ्या हत्याराच्या) आडव्या खुणा राहिलेल्या असतात, त्या कानशीसारखं काम करतात. म्हणून दोन रायफली, तेच कॅलिबर, त्याच गोळ्या, तरी एकीला शंभर राउंडनंतर काही दिसत नाही आणि दुसरी वीस राउंडमध्ये तांबडी होते. अख्ख्या तांब्याच्या मोनोलिथिक गोळ्या वापरत असाल तर आणखी वेगळं, त्या काही बॅरलमध्ये भरपूर साठवतात, म्हणूनच त्यांच्या अंगावर आता घळी पाडलेल्या असतात, घासणारा भाग कमी व्हावा म्हणून.

अमोनिया एकटा तांब्याला फारसं काही करत नाही, त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन तांब्याचा वरचा थर ऑक्साइड करतो, अमोनिया तो उचलून गडद निळं द्रावण बनवतो. यातून एक कामाची गोष्ट निघते, बॅरल सॉल्व्हंटने गच्च भरून बूच लावून ठेवण्यापेक्षा पातळ ओला थर आणि मधूनमधून नवा पॅच हे जास्त जोरात काम करतं, कारण हवा लागत राहते. रात्रभर ठेवलं तर उलट अमोनिया उडून जातो, पाणी आणि बाकीचं मागे राहतं, बॅरल कोरडं पडतं आणि गंज धरायला लागतो. स्वीट्स ७.६२ सारख्या कडक सॉल्व्हंटला १५ मिनिटांच्या वर ठेवत नाहीत ते उगाच नाही. अमोनियाने स्टीलवर चट्टे पडतात की नाही यावर नेमबाज हमरीतुमरीवर येतात, मी त्या वादात पडत नाही, मी घड्याळ लावतो आणि वेळेवर पुसून काढतो, प्रश्नच मिटतो.

ही डोकेदुखी नवीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोळ्यांचं जॅकेट तांबं-निकेलचं असायचं आणि ते बॅरलमध्ये अक्षरशः गठ्ठे धरायचं. अमेरिकन सैन्यात तेव्हा कडक अमोनिया आणि अमोनियम परसल्फेट असलेलं द्रावण ओतायचे, परसल्फेट म्हणजे तेच, ऑक्सिजनचं काम करणारं. काम जबरदस्त करायचं, पण आत वाळलं तर बॅरलची वाट लागायची. १९२१ च्या त्यांच्या नॅशनल मॅचेस या नेमबाजी स्पर्धेसाठी गोळ्यांना कथिलाचा मुलामा दिला, तर कथिल केसच्या (राउंडच्या पितळी नळीच्या) गळ्याला चिकटून बसायचं आणि वरून कोणी सवयीने ग्रीस लावलं की दाब धोकादायक वाढायचा. शेवटी गिल्डिंग मेटल आलं आणि गठ्ठ्यांचा त्रास संपला. त्याच्या आधीच फ्रेंच तोफखान्याने दारूमध्येच कथिल मिसळून तांबं कमी करायची युक्ती शोधली होती, आजची सीएफई २२३ सारखी पावडर त्याच वाटेने जाते, नावातलं सीएफई म्हणजेच कॉपर फाउलिंग इरेझर. हे सांगायचं कारण एवढंच की कडक रसायन आणि घाई ही जोडी तेव्हाही महाग पडली होती.

आता खरा मुद्दा. तुमचा ग्रुप तांब्यामुळेच बिघडलाय का? होऊ शकतं, पाचशे राउंड आणि कॉपरची एकदाही सफाई नाही म्हणजे शक्यता चांगली आहे. पण सफाईच्या मागे लागण्याआधी ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या यंत्रणेचे) स्क्रू, स्कोपचे माउंट आणि रिंग तपासा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आहेत का बघा. माझ्याकडे तांबं साठलंय म्हणून येणाऱ्या रायफलींमध्ये ढिले माउंट बऱ्यापैकी निघतात. गोळ्यांचा लॉट बदललाय का? क्राऊनवर, म्हणजे मझलच्या काठावर, ओरखडा आहे का? कापसाचा बोळा क्राऊनवरून हलका फिरवा, तंतू अडकले तर तिथे काहीतरी आहे. .३०८ चं बॅरल पाचशे राउंडला झिजत नाही, नीट वापरलं तर हजारोंनी राउंड चालतं, त्यामुळे थ्रोट, म्हणजे रायफलिंग जिथे सुरू होतं तो भाग, गेला असेल ही भीती काढून टाका. तांब्याची साठवण बहुतेक वेळा हळूहळू ग्रुप उघडते, एका दिवसात इंचाचे दोन इंच झाले असतील तर मला आधी स्क्रूवर संशय येतो.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, कार्बन. दारू जळते, तिचा कार्बन तांब्यावर बसतो, पुढची गोळी त्यावरून जाते, पुन्हा तांबं, पुन्हा कार्बन, भिंतीवर जुन्या रंगांचे थर चढावेत तसं. कॉपर सॉल्व्हंट वरच्या कार्बनला फारसं विरघळवत नाही, त्यामुळे खालचं तांबं सुरक्षित बसून राहतं, पॅच पांढरा येतो आणि माणूस खूश होतो, चार दिवसांनी पुन्हा निळा. तुम्ही थेट कॉपर सॉल्व्हंटवर गेलात, कार्बन काढलाच नाहीत, दोन संध्याकाळी वाया जाण्याचं हे दुसरं कारण.

मी कसं करतो ते सांगतो. रायफल रिकामी, चेंबर, म्हणजे राउंड बसतो ती मागची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, बोल्ट बाहेर, गोळ्या त्या खोलीतच नाहीत. खिडकी उघडी, हातात नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर चष्मा, कारण ब्रश मझलमधून बाहेर पडताना फवारा उडतो. मझल थोडं खाली झुकलेलं ठेवायचं, नाहीतर सॉल्व्हंट मागे वाहून ट्रिगर आणि बेडिंगमध्ये (ॲक्शन दस्त्यात टेकते तिथे) जातं. बोअर गाइड, म्हणजे रॉड सरळ ठेवणारी नळी, वापरायचाच, यावर माझ्याकडे तडजोड नाही, कारण त्याच्याशिवाय रॉड वाकतो, थ्रोटवर घासतो आणि सॉल्व्हंट ॲक्शनमध्ये सांडतं. रॉड एकसंध हवा, कोटिंगवाला किंवा कार्बन फायबरचा, जोडाजोडीचा नको, आणि मूठ फिरणारी हवी म्हणजे ब्रश रायफलिंगबरोबर वळतो.

आधी कार्बन सॉल्व्हंट. ओला पॅच एकदा आरपार, मग ब्राँझचा ब्रश, इथे ब्राँझ चालतो कारण आपण रंग बघत नाही आहोत. चेंबरकडून मझलकडे पूर्ण बाहेर काढायचा, बॅरलच्या मध्येच दिशा बदलायची नाही, आणि मागे ओढताना क्राऊनवर आपटू द्यायचा नाही. दहा-पंधरा फेऱ्या, दहा मिनिटं थांबायचं, मग कोरडे पॅच. पहिले काळे कुळकुळीत येतील, मग राखाडी. राखाडी फिका झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक पॅच आणि दोन कोरडे, म्हणजे दोन रसायनं आत एकमेकांत मिसळत नाहीत. कुठल्याही दोन सॉल्व्हंटची आत खिचडी करायची नाही, आणि अमोनियाच्या जवळपास ब्लीच तर आणायचंच नाही, त्याचा वायू विषारी असतो.

मग कॉपर सॉल्व्हंट, ओला पॅच, नायलॉन ब्रशच्या चार-पाच फेऱ्या, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ, कडक अमोनियावालं असेल तर दहा मिनिटं, आणि पॅच काढून बघायचा. निळा गडद असेल तर पुन्हा. तीन वेळा करूनही रंग तसाच गडद राहिला किंवा अचानक पांढरा झाला पण टॉर्चमध्ये पट्टे तसेच दिसतायत, तर पुन्हा कार्बन सॉल्व्हंटकडे यायचं, कारण आपण पुढच्या काळ्या थराला येऊन थांबलोय. तुमच्यासारख्या कधीच न काढलेल्या बॅरलला हे आलटून-पालटून बऱ्याचदा करावं लागतं, पी हळद हो गोरी असं होणार नाही, त्यामुळे एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. संध्याकाळ संपली तर अल्कोहोलने धुवा, कोरडं करा, हलका तेलाचा पॅच फिरवा आणि उद्या पुढे.

अमोनियाचा वास आणि घड्याळ नको असेल तर बोअर टेक एलिमिनेटरसारखी बिनअमोनियाची सॉल्व्हंट आहेत, मी स्वतः आता बहुतेक वेळा तीच वापरतो, हळू चालतात पण माणूस विसरला तरी नुकसान होत नाही. वाइप-आउटसारखा फोमही मेहनत वाचवतो, भरायचा आणि सोडून द्यायचा, रात्रभर ठेवायचंच असेल तर असलं काहीतरी ठेवा, तेही बाटलीवर तसं लिहिलं असेल तरच. मात्र सगळी सॉल्व्हंट निळी होत नाहीत, केजी-१२ मध्ये तांबं विरघळलं तरी निळा रंग येत नाही, तिथे निळ्याची वाट बघत बसाल तर काम झालंच नाही असं वाटेल. हॉपीज नंबर ९ बऱ्याच घरांत असतं, चांगलं आहे, पण ते कार्बनचं औषध, तांब्यावर अगदी सौम्य.

पेस्टबद्दल. जेबीसारखी पेस्ट घासूनच काढते, तिचं काम आहे चेंबरच्या पुढे बसणारी कडक कार्बनची कडी किंवा कशालाच न बधणारा एखादा डाग. ते ठरावीक इंच-दोन इंचात, बोअर गाइड लावून, घट्ट पॅचने, थोडंसं करायचं असतं आणि नंतर तिचा कण न कण धुवून काढायचा असतो. नवख्या हाताने अख्ख्या बॅरलभर पेस्ट फिरवली की रायफलिंगच्या कडा आणि क्राऊन दोन्ही धोक्यात. तुमच्या रायफलीला तशी वेळ आलेली मला दिसत नाही. स्टीलचा ब्रश, ड्रिल मशीनला लावलेला रॉड, व्हिनेगर आणि पेरॉक्साइडचं मिश्रण, यातलं काहीही नको, तो शेवटचा प्रकार तर स्टीलच खातो. वीज लावून तांबं काढायची पद्धतही आहे, चालते, पण चुकली तर बॅरलच खड्ड्यांचं होतं.

थोडक्यात क्रम असा धरा, स्क्रू आणि माउंट, मग हत्यारं बदलणं, मग कार्बन, मग तांबं, अडलं की पुन्हा कार्बन.

थांबायचं कधी, यावर मात्र माझं मत बऱ्याच लोकांपेक्षा वेगळं आहे. पॅच शुभ्र पांढरा होईपर्यंत आणि बॅरल नागडं स्टील दिसेपर्यंत काढायचं असं मी मानत नाही. टेस्लाँगसारखे बोअरस्कोप (बॅरलच्या आत बघायचे कॅमेरे) स्वस्त झाल्यापासून लोकांचा निम्मा वेळ बॅरल बघण्यात जातो. बोअरस्कोपमध्ये एवढंसं तांबं विटेएवढं दिसतं, आणि थ्रोटमधल्या उष्णतेच्या बारीक भेगा बघून घाबरून माणूस अजून घासायला लागतो. खरबरीत फॅक्टरी बॅरलमध्ये थोडं तांबं खाचांत भरून बसतं आणि त्या स्थितीत बॅरल स्थिर होतं. पूर्ण उघडं केलं की पहिले काही राउंड इकडेतिकडे जातात, वेगही थोडा बदलतो, मग पुन्हा ग्रुप बसतो. ते काही किती राउंड हे रायफलीवर आहे, कोणाची तीनमध्ये बसते, कोणाची पंधरा घेते. आपल्याला हवं ते कोरं बॅरल नाही, प्रत्येक वेळी सारखं वागणारं बॅरल.

म्हणून मी बघतो ते दोन ठिकाणी. मझलसमोर पांढरा कागद तिरका धरायचा, त्यावर टॉर्च मारायची आणि चेंबरकडून नाही तर मझलकडूनच शेवटचे दोन-तीन इंच बघायचे, तिथे तांबं सहज दिसतं. लँडच्या माथ्यावर सोनेरी-नारिंगी जाड पट्टा असेल तर काम बाकी आहे, कडेला पुसटशी झाक असेल तर मी सोडून देतो. आणि दुसरं ठिकाण म्हणजे टार्गेट. ग्रुप परत आला का? आला असेल तर सफाई झाली, पॅच फिका निळा येऊ दे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत त्या पटकन सांगतो. बॅरल क्रोम लाइन्ड, म्हणजे आतून क्रोमचा थर दिलेलं, असेल तर तांबं कमी धरतं आणि सुटतंही लवकर, पेस्ट तिथे अजिबात नको. .२२ रिमफायरसाठी हे काहीच लागू नाही, तिच्या साध्या गोळ्या शिशाच्या असतात, कॉपर सॉल्व्हंटची गरजच नाही. जुन्या सरप्लस गोळ्या झाडल्या असतील आणि त्यांचे प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) कोरोसिव्ह, म्हणजे गंज आणणारे, असतील तर आधी पाण्याने धुवा, त्यांचं मीठ मागे उरतं आणि मीठ पाण्यातच जातं, मग लगेच कोरडं करून तेल. मागून रॉड घालताच येत नाही अशा सेमी ऑटोला मझल गाइड लावा किंवा केबलने मागून पुढे ओढा. पुलथ्रू आणि चिंधी, बोअर स्नेक वगैरे रोजच्या पुसण्याला झकास, तांब्याला निरुपयोगी.

सफाई झाल्यावर चेंबर वेगळ्या मॉपने पूर्ण कोरडं करा, हे लोक विसरतात आणि ओल्या चेंबरमध्ये राउंड झाडला की केस चेंबरच्या भिंतीला धरत नाही, बोल्टवर जोर येतो. लाकडी दस्त्यावर सॉल्व्हंट पडलं असेल तर लगेच पुसा, पॉलिश उडतं. ब्राँझचा ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून झटका, नाहीतर सॉल्व्हंट त्याचे तंतू खाऊन टाकतं.

पुढच्या वेळी रेंजवर जाताना आधी कोरडा पॅच फिरवून तेल काढा, मग पाच राउंड ग्रुपचा विचार न करता झाडा, त्यानंतर पाच-पाचचे दोन ग्रुप घ्या आणि वहीत राउंडचा आकडा लिहून ठेवा. ग्रुप इंचाजवळ आला तर तिथून मोजायला सुरुवात करा, ज्या आकड्याला तो पुन्हा उघडायला लागेल त्याच्या थोडं आधी पुढची कॉपर सफाई, मग तो आकडा ८० असो की २५०, दुसऱ्या कोणाचा आकडा तुमच्या बॅरलला लावू नका. आणि नाही आला ग्रुप, तर पुन्हा घासायला बसू नका, क्राऊनचा जवळून फोटो काढा, कोणत्या गोळ्या, किती ग्रेन वजनाच्या आणि कुठल्या लॉटच्या ते लिहा आणि दोन्ही इथे टाका, मग थ्रोट, क्राऊन आणि बेडिंग एकेक करून बघू.